सरांच्या नावावर एक तरी

४ मार्च

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची तब्येत विचारायची असते. तुझी चांगलीच असणार, कारण तू कुणाचंच काही अंगाला लावून घेत नाहीस. लोकांना कानाची यंत्रं विकतोस आणि सख्ख्या बहिणीचा फोन उचलत नाहीस. कागद वाजत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे.

सर चालले आहेत. फुप्फुसं गेली. उभी हयात पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून ज्याने दुसऱ्यांच्या पोरांना श्वास कसा घ्यायचा हे शिकवलं, त्याला आता तोच घेता येत नाही. यावर हसायची सोय नाही, म्हणून तुला लिहून मोकळी होते.

हॉस्पिटलने हात वर केले. डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, घरी न्या, नाहीतर जिथे त्रास कमी होईल अशा ठिकाणी न्या. घरी नेलं असतं तर मी त्यांच्या आधी गेले असते. म्हणून त्यांना विहाराच्या मागच्या शुश्रूषागृहात ठेवलं आहे. इथे बौद्ध लोक मरणाऱ्यांची सेवा करतात. बरं करण्याचा दावा नाही, फक्त सोबत करतात. सरांना सोबत! ज्यांच्या सोबतीतून आई एकदाची मरून सुटली आणि तू गाडी पकडून सुटलास, त्यांना आता अनोळखी माणसं हौसेने सोबत करताहेत.

एक लांबट खोली, चुना दिलेल्या भिंती, प्रत्येक खाट खिडकीकडे तोंड करून. सगळे इतकं हळू बोलतात की पहिल्या दिवशी मला वाटलं माझेच कान गेले. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते, तिथे माणसं माणसांसारखी ओरडतात. इथे चमचा पडला तरी लोक त्या चमच्याकडे करुणेने बघतात.

सेवेकऱ्यांत एक निवृत्त बँक अधिकारी आहे. मी त्याला लोणी म्हणते, मनातल्या मनात. हा गृहस्थ खाटेशेजारी बसतो आणि आजाऱ्याच्या श्वासाबरोबर स्वतःचा श्वास चालवतो. तो घेईल तेव्हा घ्यायचा, सोडेल तेव्हा सोडायचा. त्याने म्हणे माणसाला एकटं वाटत नाही. सरांनी त्याला काही वेळ सहन केलं, मग डोळे उघडून म्हणाले, "छातीतून काय घेतोस, बदका? पोटातून घे!" लोणी म्हणाला, "हो सर." आणि पोटातून घ्यायला लागला. मला त्याची कीवही आली नाही.

इथली मुख्य एक भिक्खुणी आहे. चीवर घालण्याआधी ती जाहिरातींच्या कंपनीत होती, साबणांबद्दल वाटेल ते लिहायची. आता खोटं म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. तिने काल मला व्हरांड्यात गाठलं.

"वडिलांच्या हातून घडलेलं एखादं चांगलं काम आठवतंय?"

"कशाला?"

"आमच्यात जाणाऱ्याला त्याची कुशल कर्मं ऐकवतात. शेवटी मन कशावर टेकतं याला महत्त्व आहे. ते घाबरलेत. त्यांना काहीतरी टेकायला द्या."

"तुम्हीच द्या ना. तुमचा धंदाच होता."

ती चिडली नाही, हा इथल्यांचा मोठा दोष आहे. म्हणाली, "आम्ही सांगितलं तर ती स्तुती होईल. घरच्यांनी सांगायला हवं. आणि खरं हवं. खोटं बोलून कुणाला निरोप द्यायचा नाही."

तर हे काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मी रात्रभर डोकं खाजवलं. सरांच्या नावावर मला एकही चांगली गोष्ट सापडत नाही. तुझ्याकडे असेल तर लिही. एकच पुरे.

ताई

११ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. तुझ्याकडून त्याची अपेक्षा ठेवणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्याची वाट बघणं. तरी लिहिते, कारण दुसरं कुणाला लिहू?

मी हात जोडून बसले नाही, शोधायला निघाले. आधी शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी आठवता आठवता अख्खी मेथीची जुडी निवडून काढली. शेवटी म्हणाल्या, "उंच होते गं." मग तलावावर गेले. तिथला म्हातारा रखवालदार अजून आहे. म्हणाला, "सर वेळेवर यायचे." बरोबर. आपण घरात घड्याळाकडे डोळे लावून बसायचो, ते वेळेवर येतील या भीतीने.

मग सरांच्या त्या विजेत्या शिष्याकडे गेले. आठवतो? ज्याचं वर्तमानपत्रातलं चित्र सरांनी चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हा मी जिंकलो." हो, हा मी जिंकलो. शिष्य जिंकला की ते सर असायचे आणि हरला की त्याच्या आईने त्याला नीट पोसलेलं नसायचं. दुसऱ्याचं श्रेय उचलून स्वतःच्या खिशात घालण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. तो शिष्य आता पोट सुटलेला साहेब झाला आहे. सरांचं नाव काढल्यावर खुर्चीतच ताठ बसला. म्हणाला, "सरांनी मारलं म्हणून मी घडलो." मी भिक्खुणीला विचारलं, हे चालेल का? तिने नकारार्थी मान हलवली. मार कुशल कर्मात बसत नाही म्हणे. मग आपलं घर त्यांच्या हिशेबात कुठेच बसणार नाही, मी म्हटलं.

शेवटी मला एक सुचलं. सरांच्या तलावात कधी कुणी बुडालं नाही. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. भिक्खुणीचा चेहरा फुलला. मी ओशाळून खाटेजवळ गेले. धाकट्या, मला त्यांच्याशी चांगलं बोलायची सवय नाही. शिव्या देणं सोपं गेलं असतं.

म्हटलं, "सर, तुमच्या हाताखाली इतकी पोरं शिकली, पण एकही बुडालं नाही."

त्यांनी डोळे उघडले. "दोन-तीन बुडायला हवे होते," म्हणाले. "बाकीचे नीट शिकले असते."

भिक्खुणी घाईघाईने खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. हसत होती हे मी पाहिलं, आणि त्या क्षणी ती मला पहिल्यांदा बरी वाटली.

पण उपयोग काही झाला नाही. तू म्हणशील, तुला का एवढी पडली आहे? पडायचं कारण शेजारच्या खाटेवर आहे. तिथे एक आजीबाई आहेत. त्यांच्या मुली-सुना पाळीपाळीने येतात आणि आजींच्या कानाशी त्यांचे गुण ऐकवतात. आई, तू माझी बाळंतपणं काढलीस. आई, तू अख्ख्या गल्लीतल्या मांजरांना दूध घातलंस. संपतच नाही. आजी हसतमुखाने झोपतात आणि हसतमुखाने उठतात. सर हे सगळं ऐकतात. मग मान वळवून माझ्याकडे बघतात.

काल म्हणाले, "घरच्यांनी सांगायचं असतं ना? मग सांग की."

त्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, फक्त आणायला सांगितलं होतं. आणि मागितलं तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले.

ताई

१७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायची माझी तयारी आहे, कारण वर पाकीट होतं. "माझ्याकडे तसलं काही नाही. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." वा! दोन वाक्यांत मोकळा झालास. शिवाय उपदेश. हे दुसरं वाक्य लोण्याच्या तोंडी शोभलं असतं.

इकडची हकीकत ऐक. ऐकायचीच आहे तुला.

सरांनी खाटेच्या कडेची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे. झोपेतसुद्धा सोडत नाहीत. बोटं पांढरी पडली आहेत. मध्येच ओरडतात, "काठी! काठी पुढे करा!" तुला ती काठी आठवत असेल. बुडणाऱ्याला पुढे करायला ठेवलेली लांब वेताची काठी, जी सर काठ धरून बसणाऱ्या पोरांच्या बोटांवर मारायला वापरायचे. "सोड काठ! सोडल्याशिवाय पोहता येत नाही!" टक्, टक्, प्रत्येक बोटावर. तुझ्या बोटांवर सर्वांत जास्त, कारण तू त्यांचा मुलगा होतास आणि काठ सोडत नव्हतास.

आता ते काठ सोडत नाहीत.

आज मी एकटीच बसले होते. माझ्या हातात माझी मिटलेली छत्री होती. मी त्या बोटांकडे बघितलं आणि छत्रीकडे बघितलं. एकदाच, हलकेच, टक्. कुणाला कळलं नसतं. मला ते करायचं होतं, इतकं की हात गरम झाला. केलं नाही. मी चांगली आहे म्हणून नाही. लोणी आला म्हणून.

त्याने काय केलं सांगू? त्याने ती बोटं उघडायचा प्रयत्न केला नाही. शेजारी स्टूल ओढलं, आणि स्वतःही तीच दांडी धरून बसला. सरांच्या मुठींच्या शेजारी त्याच्या मुठी. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, "त्यांना धरायचंय. आपणही धरू." बसमध्ये उभ्या असलेल्या दोन प्रवाशांसारखे दिसत होते. मला संताप आला. परक्या माणसाने इतकं चांगलं असू नये, घरच्यांची पंचाईत होते.

भिक्खुणी म्हणते, आता थोडेच दिवस. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण हात झटकू नकोस. पुन्हा एकदा आठव. कधी एखादा खाऊ, एखादा गोड शब्द, पावसात डोक्यावर धरलेला टॉवेल, काहीही. तो माणूस रोज माझ्या तोंडाकडे बघतो आहे आणि मी मूग गिळून बसते आहे. मी त्यांचा तिरस्कार करते हे तुला ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण असं रिकाम्या हाती पाठवणं मला जमत नाही. तिरस्कार करायलासुद्धा समोर थोडं धड माणूस लागतं.

ताई

२४ मार्च

धाकट्या,

तुझं दुसरं पत्र काल आलं. चांगलं लांबलचक. कार्यालयातून तशीच शुश्रूषागृहात गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाचलं.

लिहिलं आहेस की लहानपणी एकदा तू काठ सोडत नव्हतास म्हणून तुला गार पाण्यात ठेवलं होतं आणि तू तापाने फणफणलास. तेव्हा सरांनी तुला पाठीवर घेऊन, चढाच्या रस्त्याने घरापर्यंत आणलं. वाटेत पाण्याच्या टाकीपाशी टेकले, पण तुला खाली ठेवलं नाही. तू झोपू नयेस म्हणून तुला दुकानांच्या पाट्या वाचायला लावत होते. सांग त्यांना, म्हणतोस.

धाकट्या, ती मी होते.

तुला ठाऊक आहे ती मी होते. तू पाट्या मला वाचून दाखवल्यास. टाकीच्या भिंतीला मी टेकले होते, माझं वय ते काय, आणि तू कुल्ल्यापर्यंत घसरत होतास. सर तलावावर होते, शिट्टी तोंडात धरून. मी त्यांना विचारलंही नाही, तुला उचललं आणि निघाले. आणि हे तू माझ्याकडून काढून त्यांच्या पदरात घातलंस. आयुष्यात मी एक काम असं केलं ज्याची मला कधी लाज वाटली नाही, ते तू देऊन टाकलंस, तेही त्यांना. बाकावर बसून मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या इथल्या बागेतल्या झाडांनी कधी ऐकल्या नसतील.

मग मी आत गेले आणि वाचून दाखवलं.

का, ते विचारू नकोस. दमले होते. आणि ते बघत होते. भिक्खुणी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तिला वाटलं खरंच आहे. मी तुझं पत्र सुरुवातीपासून वाचलं. सरांचे डोळे मिटलेले होते. टाकीपर्यंत आले. पाट्यांपर्यंत आले. मनात म्हटलं, घ्या. सगळ्यांचं घेतलंत, हेही घ्या.

"खोटं आहे," सर म्हणाले.

डोळे न उघडता. आवाज असा की मला कान जवळ न्यावा लागला.

"मी नाही आणला त्याला. हिने आणला."

भिक्खुणीने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहत राहिले.

"हिची चप्पल तुटली होती," सर म्हणाले. श्वास घेतला, पोटातून. "टाकीच्या पुढे. ती फेकून दिली हिने. एका पायाने अनवाणी चालली. पण पोराला खाली ठेवलं नाही."

चपलेचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई ओरडेल म्हणून दुसरी चप्पलही लपवली होती. तुलाही ठाऊक नाही, तू माझ्या पाठीवर होतास, पायांत नाही.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मागे होतो."

"कुठवर?"

"घरापर्यंत."

धाकट्या, मला असा राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मरणाऱ्या माणसावर इथे कुणी आवाज चढवत नाही. मी चढवला. "मागे होतात तर उचललं का नाही त्याला? दोन्ही हात रिकामे घेऊन मागे मागे काय चाललात?"

आजीबाईंच्या सुना वळून बघायला लागल्या. लोणी पुढे आला, त्याला भिक्खुणीने हाताने थांबवलं.

सरांनी दांडीवरच्या मुठी आणखी आवळल्या. मग म्हणाले, "तू दिला नसतास."

आणि हे खरं आहे. मी दिला नसता. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला असता तर मी चावले असते.

मी उठून व्हरांड्यात गेले. भिक्खुणी मागोमाग आली. मला वाटलं खोट्याबद्दल बोलणी बसणार. बोलली, पण एकच वाक्य, आणि तेही स्वतःचा राग लपवत. मग विचारलं, "ते मागे होते, हे खरं?"

"खरं असणार. चपलेचं आणखी कुणाला माहीत नाही."

"मग तेच सांगा त्यांना."

"हे काय चांगलं काम झालं? दोन पोरांच्या मागे नुसतं चालणं? त्यांनीच तर ताप आणला होता!"

"मोठं नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला दुसरं सापडलंय का?"

सापडलं नव्हतं. आत गेले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं, तिथे दाढी वाढली होती आणि औषधाचा वास येत होता. म्हटलं, "सर, धाकट्याला ताप होता तेव्हा तुम्ही घरापर्यंत मागून आलात." मग आणखी म्हटलं, "आणि आत्ता, जे तुमचं नव्हतं ते तुम्ही घेतलं नाहीत."

त्यांनी मान हलवली. हजेरीच्या वेळी एखाद्या पोराने नावाला ओ दिली की हलवायचे तशी. रात्री निघताना बघितलं तर डावा हात दांडीवरून सुटून चादरीवर पडला होता. उजवा तसाच होता.

ताई

३० मार्च

धाकट्या,

सर गेले. सकाळी, उन्हं खाटेवर आली तेव्हा. लोणी श्वासाला श्वास लावून बसला होता, मी दुसऱ्या बाजूला. त्या डाव्या हातात मी माझा हात दिला होता. त्यांनी तो धरला नाही आणि सोडलाही नाही. मधल्या दिवसांत मी तेच एक पुन्हा पुन्हा सांगत होते, मागून आलात, मागून आलात. शेजारच्या सुनांना वाटलं असेल बाईकडे दुसरं काही नाही. नव्हतंच. शेवटी सरांनी श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. लोण्याने सवयीने घेतला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो रडायला लागला. बघ, परका माणूस रडला. मी त्याला माझा रुमाल दिला. त्याला लोणी म्हणणं बंद करावं की काय, असा विचार आहे, पण एवढ्यात नाही.

इथे जीव गेल्यावर बराच वेळ देहाला हात लावत नाहीत, शांत पडू देतात. मी बसून राहिले. उजवा हात अजून दांडीवर होता. पुढे अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा भिक्खुणी म्हणाली, तुम्ही सोडवता का? मी सोडवला. एकेक बोट, हातानेच. वाटलं होतं त्यापेक्षा सहज सुटली.

ते वाईट होते, धाकट्या. मेल्यामुळे त्यात फरक पडलेला नाही आणि कुणी माझ्यासमोर त्यांची आरती करायला लागलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन. त्यांच्या नावावर तेवढं एकच आहे. पण एक आहे.

आता तुझं. तू यायला हवं होतंस आणि आला नाहीस. ते मी माफ केलेलं नाही. पण तुझ्याही नावावर मी एक धरून ठेवलं आहे. त्यांना द्यायला तुझ्याकडे काहीच नव्हतं, तेव्हा तुझ्याजवळ जे सर्वांत चांगलं होतं ते काढून दिलंस. ते माझं होतं हा भाग वेगळा. पाण्याची टाकी, पाट्या, माझं टेकणं, सगळं तू इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवलं होतंस. मला वाटायचं तू विसरलास.

माझी पाळी येईल तेव्हा खाटेशेजारी तुलाच बसावं लागेल, दुसरं कोण आहे मला? तेव्हा आत्तापासून शोधायला लाग. पाठीवरून आणल्याचं सांगू नकोस, ते वापरून झालं. दुसरं शोध. आणि खरं हवं. खोटं असलं तर मीही डोळे न उघडता सांगेन.

ताई